आधी खोड कापून पाहा, मग फवारणीचं ठरवा

पत्र: नमस्कार ताई. टोमॅटो लावून ५० दिवस झाले. झाडं जोमात होती, पहिले घडही लागले. दहा दिवसांपूर्वी प्लॉटच्या सखल कोपऱ्यातल्या चार झाडांनी भर दुपारी माना टाकल्या. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली. असं तीन दिवस झालं, चौथ्या दिवशी उठलीच नाहीत. आता त्या ओळीतली ११ झाडं गेली. पान पिवळं पडत नाही, झाड हिरवंच्या हिरवं वाळतंय. दुसरीकडे, प्लॉटच्या वरच्या अंगाला पानांवर बारीक काळे टिपके आहेत आणि हिरव्या फळांवर खरबरीत डाग उठलेत. दादा म्हणतो पाणी कमी पडतंय, म्हणून पाणी वाढवलं. शेजारी म्हणतात करपा आहे. तीन वेळा बुरशीनाशक फवारलं, दोनदा मुळाशी औषध ओतून आळवणी केली, काडीचा फरक नाही. त्या सखल कोपऱ्यात मागच्या वेळी वांगी होती. हा रोग एकच आहे की दोन? ओळखायचा कसा? आणि आता काय फवारू?

उत्तर: नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जे डोळ्यांना दिसलं तेच तुम्ही लिहिलंय, त्यामुळे निम्मं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. सखल कोपरा, वांग्याचा बेवड, दुपारी मान टाकून संध्याकाळी उठणारं झाड आणि पिवळं न पडता वाळणं. या चार गोष्टी एकत्र आल्या की माझ्या मनात पहिलं नाव येतं जिवाणूजन्य मर. वरच्या अंगाचं दुखणं मात्र वेगळं वाटतंय. तिथे पानांवर आणि फळांवर जिवाणूजन्य ठिपके असावेत. म्हणजे रोग दोन, आणि दोन्ही जिवाणूंचे. तुमचं बुरशीनाशक का चाललं नाही, हे यावरून लक्षात येईल. ते बुरशीसाठी बनवलेलं असतं, जिवाणूवर त्यातल्या बहुतेकांचा काही उपयोग नसतो.

तरी हा अजून अंदाजच आहे. पत्रावरून रोगाचं नाव सांगणं आणि तेवढ्यावर तुम्हाला आणखी एक फवारणी करायला लावणं मला पटत नाही. तुम्ही तीन फवारण्या आणि दोन आळवण्या केल्या, पण एकदाही झाड कापून पाहिलं नाही. ते आता करू. त्याला एक धारदार चाकू, काचेचे दोन ग्लास आणि स्वच्छ पाणी एवढंच लागतं.

उद्या दुपारी नुकतीच मान टाकू लागलेलं एक झाड निवडा. पार वाळून गेलेलं घेऊ नका. मेलेल्या झाडात इतर जंतू शिरलेले असतात आणि खरा गुन्हेगार कोण हे मग कळत नाही. झाड मुळासकट हळूच उपटा. जमिनीलगतच्या खोडाचा वीतभर तुकडा कापा, धुवा, कापडाने पुसा. मग एका टोकाला चाकूने ताजा, सरळ काप द्या. ग्लासात पाणी भरून ते पूर्ण स्थिर होऊ द्या. खोडाचा तुकडा वरून असा धरा की कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल. हात हलू नये म्हणून ग्लासाच्या तोंडावर काडी आडवी ठेवून तुकडा तिला सुतळीने बांधला तर उत्तम. मागे काळं कापड धरा आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहा.

मर जिवाणूची असेल तर कापलेल्या टोकातून दुधासारखे बारीक पांढरे धागे खाली उतरायला लागतात. उदबत्तीच्या धुराची रेघ उलटी करून पाण्यात सोडावी, तसं ते दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन मिनिटं काहीच झालं नव्हतं आणि मी ग्लास उचलणार होते. तेवढ्यात एक धागा निघाला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि थोड्याच वेळात ग्लासाच्या तळाशी पांढरट ढग साचला. त्या ढगात जिवंत जिवाणू असतात, अक्षरशः कोट्यवधी. दुसऱ्या ग्लासात प्लॉटच्या दुसऱ्या टोकाच्या निरोगी झाडाचं खोड तसंच धरा. ते पाणी स्वच्छ राहिलं पाहिजे. हा दुसरा ग्लास टाळू नका. नाहीतर खोडाचा चीक किंवा चुकून राहिलेली माती पाहून फसगत होते.

त्याच झाडाच्या खोडाचा आणखी एक तुकडा उभा चिरून बघा. सालीच्या आत, जिथून पाणी वर चढतं त्या नळ्यांचा भाग तपकिरी पडलेला दिसेल. आडवा कापून बोटांनी दाबलात तर कडेकडेने मळकट पांढरा, चिकट द्रव बाहेर येईल. दोन कापलेली टोकं एकमेकांना टेकवून हळूच लांब केली तर मधे बारीक तार सुटते.

हा जिवाणू म्हणजे राल्स्टोनिया सोलानासिएरम. एर्विन स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९६ साली टोमॅटो, वांगी आणि बटाट्यावरचा हा रोग जिवाणूचा असल्याचं दाखवलं. त्या काळी जिवाणूंमुळे झाडांना रोग होतो हेच काही मोठे शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते आणि स्मिथ यांना त्यावर बरीच वर्षं वाद घालावा लागला. आज आपण ग्लासात तो जिवाणू डोळ्यांनी पाहू शकतो, तेव्हा हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

तुमच्या दादांच्या म्हणण्याबद्दल. झाडाला पाणी मिळत नाहीये, हे त्यांचं निदान बरोबर आहे. फक्त पाणी जमिनीत कमी नाही, ते झाडात वर चढत नाही. हा जिवाणू मुळाच्या जखमेतून किंवा नवी उपमुळं फुटतात त्या फटीतून आत शिरतो, पाण्याच्या नळ्यांत वाढतो आणि तिथे बुळबुळीत चिकट पदार्थ तयार करतो. नळ्या तुंबतात. सकाळी आणि संध्याकाळी पानांना पाणी कमी लागतं म्हणून झाड सावरतं. दुपारी मागणी वाढली की मान टाकतं. पानाला पिवळं पडायलाही वेळ मिळत नाही, म्हणून ते हिरवंच्या हिरवं वाळतं. अशा झाडाला कितीही पाणी द्या, तुंबलेली नळी मोकळी होत नाही. उलट वाढीव पाण्यासोबत जिवाणू एका झाडाच्या मुळापासून दुसऱ्याच्या मुळापर्यंत जातो. सखल कोपऱ्यात सुरुवात झाली आणि ओळीओळीने झाडं गेली, ती याच कारणाने. दादांनी काळजीपोटी पाणी वाढवलं, त्यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. आता मात्र ते कमी करा.

ग्लासात धागे निघाले नाहीत तर? मग फ्युजेरियम बुरशीची मर तपासा. तीही नळ्या तपकिरी करते, त्यामुळे नुसतं खोड चिरून दोन्हींत घोळ होतो. पण बुरशीच्या मरीत खालची पानं आधी पिवळी पडतात. बऱ्याचदा झाडाची एकच बाजू, किंवा एकाच पानाच्या देठाची एका अंगाची पानं पिवळी होतात, आणि झाड मरायला आठवडे लागतात. तुमची झाडं चार दिवसांत गेली. मुळंही बघून घ्या. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत, आहेत. त्यांनी केलेल्या जखमांतून मरीचा जिवाणू सहज आत जातो, म्हणून दोन्ही एकाच झाडात सापडणं नवलाचं नाही. मुळं काळी पडून सडली असतील आणि वरची साल हाताला निसटून येत असेल, तर पाणी साचून मूळकूज झालेली असू शकते.

आता मनाला लागणारं सांगते. ज्या झाडाने मान टाकलीय ते वाचणार नाही. यावर फवारणी नाही, आळवणीही नाही. जिवाणू खोडाच्या आत नळ्यांत बसलेला आहे, तिथपर्यंत पोचून त्याला मारेल आणि झाडाला जगवेल असं काही आपल्या हातात नाही. कोणी खात्रीने बरं करून देतो म्हणालं तर त्या पैशांत पुढच्या लागवडीची चांगली रोपं घ्या. आपल्या हातात आहेत ती उरलेली झाडं.

गेलेली झाडं मुळांसकट, मुळाभोवतीच्या मातीसकट उपटून जागच्या जागी पोत्यात भरा. प्लॉटमधून ओढत नेऊ नका, बांधावर टाकू नका, पाटात तर मुळीच नाही. कंपोस्टच्या खड्ड्यातही नको. दूर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. त्यांच्या दोन्ही बाजूंची वरून निरोगी दिसणारी एकदोन झाडंही काढलेली बरी, कारण रोग डोळ्यांना दिसण्याआधी मुळांत पोचलेला असतो. रिकाम्या जागी नांग्या भरू नका, नवं रोपही तसंच जाईल. त्या कोपऱ्यातून पुढे कुठे पाणी वाहतं ते बघा आणि वाट अडवा. खुरपणी, बांधणी, तोडणी करताना तो कोपरा सगळ्यात शेवटी घ्या आणि तिथून बाहेर पडताना खुरपी, कुदळ, पायतळाची माती धुऊन काढा. उरलेल्या झाडांच्या बुडाशी खोल खुरपू नका. मूळ तुटलं की जिवाणूला दार उघडतं.

पुढच्या वेळी त्या तुकड्यात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, तंबाखू यांतलं काहीच नको. मागच्या वेळची वांगी इथे कळीची आहेत. वांगं आणि टोमॅटो एकाच कुळातले, दोघांनाही हा रोग होतो, आणि एखाददुसरं वांग्याचं झाड मेलं तर आपण त्याकडे फारसं लक्ष देत नाही. मका, ज्वारीसारखं तृणधान्य घ्या. तेही एकच हंगाम नको, दोनतीन वर्षं. एवढं करूनही जिवाणू मातीतून पूर्ण जाईल असं नाही, कारण २००हून जास्त जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो आणि त्यांत कितीतरी तणं आहेत. म्हणून फेरपालटीच्या काळात तण वाढू देऊ नका. नाइलाजाने तिथे टोमॅटोच घ्यायचा झाला, तर मर सोसणाऱ्या खुंटावर (कलमातल्या खालच्या, मुळांच्या झाडावर) कलम केलेली रोपं लावणं हा मला सगळ्यात भरवशाचा मार्ग वाटतो. हवाई ७९९६ हा टोमॅटोचा खुंट आणि ईजी २०३ हा वांग्याचा खुंट यासाठी जगभर वापरले जातात. वांग्याच्या खुंटाची मुळं साचलेलं पाणीही काही काळ सोसतात, तुमच्या सखल कोपऱ्याला ते सोयीचं पडेल. कलमाचा जोड मात्र मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाच्या वरच्या टोमॅटोला मातीत मुळं फुटली तर खुंटाचा उपयोग संपला.

आता वरच्या अंगाचे टिपके. शेजारी करपा म्हणतात त्यात त्यांची चूक नाही, लांबून ते करप्यासारखेच दिसतात. म्हणून पान तोडून हातात घ्या आणि सकाळच्या उजेडात आकाशाकडे धरा. लवकर येणाऱ्या करप्याच्या डागात एकात एक वर्तुळं असतात, लाकडाच्या कापलेल्या ओंडक्यासारखी, आणि डाग वाढत वाढत बोटाच्या पेराएवढा होतो. उशिरा येणाऱ्या करप्याचे डाग मोठे, ओलसर, वेडेवाकडे असतात आणि दमट सकाळी पानाच्या खालच्या बाजूला कडेने पांढरी लव दिसते. सेप्टोरिया बुरशीच्या ठिपक्याचा मधला भाग राखाडी असतो आणि भिंगातून त्यात मिरीपुडीसारखे काळे कण दिसतात. जिवाणूच्या ठिपक्यात यातलं काही नसतं. वर्तुळं नाहीत, लव नाही, काळे कण नाहीत. ठिपका लहान, साधारण ३ मिलिमीटरच्या आत, गडद तपकिरी ते काळा. कोवळा असताना उजेडासमोर धरला तर तेलाचा थेंब कागदावर पडावा तसा पाणीदार दिसतो. बऱ्याचदा त्याची कड गोल नसते, पानाच्या बारीक शिरांशी अडल्यामुळे तिला कोपरे येतात. खूप ठिपके एकत्र आले की पान पिवळं पडून वाळतं.

यातही दोन रोग आहेत. एक झँथोमोनास जिवाणूचा, दुसरा स्युडोमोनास सिरिंगीचा. पानावरून या दोघांत फरक करणं मुरलेल्या माणसालाही जड जातं, तेव्हा त्यात वेळ घालवू नका. फळाकडे जा. हिरव्या फळावरचा डाग नखाने खरवडून बघा. स्युडोमोनासचा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा, जेमतेम १ ते २ मिलिमीटरचा, काळा, किंचित वर आलेला असतो. त्याच्याभोवती फळाचा हिरवा रंग जास्त गडद राहतो आणि तो ठिपका नखाने बऱ्यापैकी निघून येतो. झँथोमोनासचा डाग मोठा, ५-६ मिलिमीटरपर्यंत जातो. तपकिरी, खपलीसारखा खरबरीत, मधे जरा खचलेला. नखाने तो जात नाही, कारण साल आतपर्यंत गेलेली असते. हवामानही साक्ष देतं. स्युडोमोनासला १८ ते २४ अंशांचे गार, ओले दिवस मानवतात, झँथोमोनासला २४ ते ३० अंशांचे उबदार, पावसाळी. तुम्ही ‘खरबरीत’ हा शब्द वापरलात आणि तुमच्याकडे मर इतक्या जोरात चालली आहे म्हणजे जमीन उबदार आहे, यावरून मला झँथोमोनासची शंका जास्त येते. नखाची परीक्षा करून खात्री करा.

डाग हिरव्या, कोवळ्या फळालाच लागतो. लाल फळावर जो दिसतो तो हिरवं असतानाच लागलेला असतो. म्हणजे तोडणीला आलेल्या फळांची नवी चिंता नको, नुकत्या धरलेल्या घडांकडे लक्ष द्या.

इथे एका तिसऱ्या रोगाबद्दल सांगायलाच हवं. तुमच्या पत्रात त्याची खूण नाही, पण एके वर्षी मी तो ओळखायला चुकले होते आणि ते अजून सलतं. बॅक्टेरियल कँकर. क्लॅव्हिबॅक्टर मिशिगनेन्सिस हा त्याचा जिवाणू. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९०९ साली हा रोग पहिल्यांदा लक्षात आला, म्हणून हे नाव. त्या प्लॉटमध्ये खालच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या आणि भाजलेल्या भागाच्या आत पिवळी किनार होती. मी खताचा ताण म्हणाले. कडा भाजलेलं पान बघून पालाश कमी पडलंय हे सुचणं फार सोपं असतं. एका देठावरची एका बाजूची पानं वाळली होती आणि समोरची हिरवी होती, हे मला दिसलं, पण मी त्यावर थांबले नाही. दोन आठवड्यांत रोग ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, कारण बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारे फुटवे, काढणारी कात्री तीच होती. एका झाडावरून दुसऱ्यावर, सरळ रेषेत.

तेव्हापासून कडा भाजलेलं पान दिसलं की मी देठ खोडाला जिथे जुळतं तिथे काप देऊन बघते. कँकर असेल तर आतल्या नळ्या पिवळसर तपकिरी दिसतात आणि खोड उभं चिरल्यावर गाभा बाहेरच्या भागापासून सहज सुटून येतो. ग्लासातले धागे इथे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे ती परीक्षा कोरी गेली म्हणून निश्चिंत होऊ नका. फळावरची खूण पक्ष्याच्या डोळ्यासारखी असते. मधे तपकिरी, जरा उंच ठिपका आणि भोवती पांढरं कडं, सगळं मिळून ३ मिलिमीटरच्या आसपास. झँथोमोनासच्या अगदी कोवळ्या डागालाही पांढरट कडं असतं, म्हणून गफलत होते. पण डाग जुना झाला की झँथोमोनासचं कडं नाहीसं होतं, कँकरचं राहतं. शंका आली तर त्याच फळावर खूण करून चारपाच दिवसांनी पुन्हा बघा.

आणखी दोन रोग थोडक्यात. फळं भरताना एखादं दांडगं, काळंभोर हिरवं झाड शेंड्याकडून मलूल झालं आणि खोड चिरल्यावर गाभ्यात शिडीच्या पायऱ्यांसारखे पोकळ कप्पे दिसले, तर ती गाभाकूज. जास्त नत्र, गार रात्री आणि दमट हवा यांत ती येते. नत्र आवरलं की बरीच झाडं सावरतात, ती घाईने उपटू नका. खोड पिचपिचीत, पोकळ आणि दुर्गंधी येणारं असेल तर मऊकूज. ती जखमेतून शिरते, म्हणून बगलफुटी कोरड्या हवेत आणि लहान असतानाच काढाव्यात.

काय फवारू, या तुमच्या प्रश्नाकडे येते. मरीसाठी काहीच नाही, हे वर सांगितलं. ठिपक्यांसाठी तांबायुक्त औषध उपयोगी पडतं, पण त्याचं काम नीट समजून घ्या. तांबं पानाच्या पृष्ठभागावर राहून नवे जिवाणू आत शिरण्याआधी मारतं. आत शिरलेल्यांना ते हात लावू शकत नाही. म्हणून आज दिसणारे ठिपके जाणार नाहीत, नवी पानं स्वच्छ निघाली तर फवारणी लागू पडली असं समजा. तांब्यासोबत मँकोझेब हे बुरशीनाशक दिलं तर नुसत्या तांब्यापेक्षा परिणाम बरा मिळतो. झँथोमोनासच्या बऱ्याच वाणांनी आता तांबं सोसायची ताकद कमावली आहे, तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. मात्रा आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं, हे डब्यावरच्या लेबलाप्रमाणेच पाळा. ‘जरा जास्त’ टाकलेलं तांबं कोवळी पानं जाळतं, मग तो जळका डाग आणि रोगाचा डाग यांत आणखी घोळ होतो. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या प्रतिजैविकांच्या वाटेला जाऊ नका. जिवाणू त्यांना लवकर दाद देईनासे होतात, आणि ही औषधं माणसांच्या उपचारांसाठीही लागतात.

फवारणीपेक्षा पान कोरडं ठेवण्याचा उपयोग जास्त, असं माझं अनुभवातून झालेलं मत आहे. ठिपक्यांचे जिवाणू उडत नाहीत. पावसाच्या थेंबांबरोबर आणि ओल्या हातांनी ते झाडाझाडावर जातात. तुषार सिंचन असेल तर बंद करून ठिबक वापरा. दव उतरेपर्यंत, पाऊस पडून गेल्यावर पानं सुकेपर्यंत प्लॉटमध्ये पाऊल टाकू नका, तोडणी दोन तास उशिरा झाली तरी चालेल. बुडाची, मातीला टेकणारी पानं कोरड्या दुपारी काढून प्लॉटबाहेर न्या. कात्री, चाकू ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवत चला. दर झाडाला जमलं नाही तर निदान दर ओळीला, आणि आजारी ओळ नेहमी शेवटी.

हे ठिपके तुमच्याकडे आले कुठून, याचाही शोध घ्या. झँथोमोनास, स्युडोमोनास आणि कँकर हे तिन्ही बियाण्यातून येतात. रोपवाटिकेत रोपं दाट असतात, वरून पाणी मारतात, एका रोपाचे जिवाणू दहा दिवसांत सगळ्या ट्रेमध्ये पसरतात आणि रोप हिरवंगार दिसत राहतं. पुढच्या वेळी रोपं उचलताना ट्रेच्या मधली रोपं उलटी करून पानांची खालची बाजू बघा. घरचं बी वापरत असाल तर ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवून, लगेच गार पाण्यात काढून सावलीत सुकवा. तापमापक हातात ठेवूनच हे करा. पाणी थोडंसं जास्त तापलं तरी बी उगवत नाही, थोडं कमी राहिलं तर जिवाणू जगतो. आधी मूठभर बियांवर करून उगवण तपासा. औषध लावलेल्या, लेप दिलेल्या किंवा जुन्या बियांवर हा प्रयोग नको. चालू पीक संपल्यावर झाडांचा कचरा वेचून काढा आणि आपोआप उगवलेली टोमॅटोची रोपं दिसतील तिथे उपटा, कारण ठिपक्यांचा जिवाणू त्या दोन जागी पुढच्या लागवडीची वाट बघत राहतो. बांधणीच्या काठ्या आणि तारा पुन्हा वापरण्याआधी धुऊन निर्जंतुक करा.

एवढं करूनही शंका राहिली तर नमुना वनस्पतिरोगाच्या प्रयोगशाळेत द्या. नुकतीच लक्षणं दिसू लागलेलं पूर्ण झाड मुळांसकट घ्या, मुळांची माती वेगळ्या पिशवीत बांधा म्हणजे ती पानांना लागणार नाही, आणि झाड कोरड्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. ओल्या प्लॅस्टिकमध्ये बांधलेला नमुना वाटेतच सडतो. सोबत चिठ्ठीत आधीचं पीक, जागा सखल आहे का, पहिलं झाड कधी गेलं आणि आतापर्यंत काय काय फवारलं हे लिहा. मला लिहिलंत तसंच.

उद्या दुपारी ग्लास भरताना दादांनाही शेजारी बसवा. धागे निघाले की नाही, आणि नखाने फळावरचा डाग सुटला की नाही, एवढ्या दोन गोष्टी मला कळवा. त्यावरून त्या कोपऱ्यालगतच्या ओळींचं काय करायचं ते ठरवू. तोवर तिकडचं पाणी कमीच ठेवा.